बोलपटांतील निवडणूक

निवडणूक ही मुळांतच एक नाट्यमय घटना आहे. दोन प्रतिस्पर्धी, ठरलेला दिवस, क्षणोक्षणीं वाढणारा ताण आणि अखेरीस एकाचा जय व दुसऱ्याचा पराजय. नाटककारानें ज्याच्यासाठीं रात्री जागवाव्या तें सारें येथें आयतेंच हातीं येतें. असें असूनहि या विषयावर लक्षांत राहण्याजोगे बोलपट थोडेच निघाले. याचें कारण फार खोल नाहीं. निवडणुकीचा थाट सभामंडपांत दिसतो. निर्णय मात्र मतदाराच्या मनांत होतो, आणि तेथें कॅमेऱ्याला प्रवेश नाहीं. मग बोलपट उमेदवाराच्या मनांत शिरतो आणि मतदार बिचारा टाळ्या वाजविण्यापुरता उरतो.

फ्रँक काप्रा यांचा 'स्टेट ऑफ द युनियन' हा १९४८ सालचा बोलपट याचें चांगलें उदाहरण आहे. विमानांचा एक कारखानदार एका वृत्तपत्राच्या मालकिणीच्या महत्त्वाकांक्षेपायीं अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतींत ओढला जातो. प्रत्येक गटाला रुचेल तें बोलतां बोलतां त्याचें स्वतःचें मत हरवतें. शेवटीं, राष्ट्रभर ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत, तो आपल्या खोटेपणाची कबुली देतो व उमेदवारी सोडतो. स्पेन्सर ट्रेसी व कॅथरिन हेपबर्न यांच्या अभिनयानें हा प्रसंग हृदयाला भिडतो, यांत शंका नाहीं. परंतु डोळे पुसून झाल्यावर एक अडचणीचा प्रश्न शिल्लक राहतो. सज्जनानें मैदान सोडलें, तर तें राहिलें कोणासाठीं? काप्रा या प्रश्नाच्या वाटेस जात नाहींत.

गोर व्हिडाल यांच्या नाटकावरून १९६४ सालीं निघालेला 'द बेस्ट मॅन' मात्र जातो. एका पक्षाचें अधिवेशन भरलें आहे. हेन्री फोंडा यांनीं रंगविलेला सुसंस्कृत रसेल आणि क्लिफ रॉबर्टसन यांचा धडाडीचा कँटवेल यांपैकीं प्रत्येकाच्या हातीं दुसऱ्याला बदनाम करण्याचें साधन आलेलें आहे. सारा खेळ हॉटेलच्या चार खोल्यांत चालतो. मृत्यूच्या दारीं पोंचलेला एक माजी राष्ट्राध्यक्ष दोघांनाहि ओळखून आहे. कँटवेलच्या दुष्टपणापेक्षां त्याच्या मूर्खपणाचा त्याला अधिक तिटकारा येतो, आणि रसेलच्या कचरण्याची चीड येते. रसेलहि अखेर माघार घेतो. पण त्याची माघार काप्रांच्या नायकासारखी नव्हे. तो आपलीं मतें तिसऱ्याच उमेदवाराच्या पारड्यांत टाकतो आणि कँटवेलची वाट बंद करतो. त्यागांतहि राजकारण असूं शकतें, हें येथें दिसतें. मतदार मात्र याहि चित्रांत कोठेंच नाहीं. तो त्या खोल्यांच्या बाहेर, फार दूर आहे.

या सर्वांत सरस ठरतो तो मायकेल रिची यांनीं १९७२ सालीं दिग्दर्शित केलेला 'द कँडिडेट'. त्याचे कथालेखक जेरेमी लार्नर यांनीं १९६८ सालीं सिनेटर यूजीन मॅकार्थी यांच्या मोहिमेंत भाषणें लिहिण्याचें काम केलें होतें, आणि हा अनुभव प्रत्येक दृश्यांत बोलतो. या लेखनाला ऑस्कर पारितोषिक मिळालें तें योग्यच झालें. कॅलिफोर्नियांतील बिल मॅके या तरुण वकिलाला (ही भूमिका रॉबर्ट रेडफर्ड यांची) मोहिमेचा चालक सांगतो कीं, तुझा पराभव ठरलेलाच आहे, तेव्हां मनाला येईल तें बोल. काड्यापेटीवर तो तसें लिहूनहि देतो! पराभवाची ही हमीच मॅकेचें स्वातंत्र्य असते. परंतु हार केवळ हार न होतां फजिती होणार असें आंकडे सांगूं लागतात, आणि सरळ उत्तरें हळूहळू गोल होऊं लागतात. कोणी लांच देत नाहीं, कोणी धमकी देत नाहीं. रोज थोडें थोडें एवढेंच. ज्या श्रोत्यांनीं हा बोलपट पाहिला असेल त्यांना मोटारींतील तो प्रसंग आठवेल: मॅके आपलेंच भाषण म्हणूं लागतो, आणि शब्दांची अशी खिचडी होते कीं त्यांत अर्थाचा एक कणहि उरत नाहीं. हंसूं येतें, पण तें घशांत अडकतें.

दोष याहि चित्रांत आहेत. जुना प्रतिस्पर्धी जार्मन इतका गुळगुळीत आहे कीं त्याला मत देणारीं माणसें कोण व कां, हें उमजत नाहीं. त्यांचें भय, त्यांचा स्वार्थ, त्यांची निष्ठा यांतलें कांहीं पडद्यावर येत नाहीं.

ही उणीव अंशतः भरून काढली ती एका माहितीपटानें. रॉबर्ट ड्र्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० सालीं विस्कॉन्सिन राज्यांतील केनेडी व हंफ्री यांची प्राथमिक निवडणूक हलका कॅमेरा खांद्यावर घेऊन टिपली, तोच 'प्रायमरी'. गर्दींतून वाट काढणाऱ्या केनेडींच्या पाठोपाठ कॅमेरा सभागृहांत शिरतो. जॅकलिन केनेडी भाषण करीत असतां पाठीमागें त्यांचे हातमोजे घातलेले हात अस्वस्थपणें चुळबुळतात. पण त्याहून मोलाचे आहेत ते हंफ्रींचें बोलणें ऐकणाऱ्या शेतकऱ्यांचे चेहरे. हो नाहीं, नाहींहि नाहीं, निव्वळ ऐकणें. लिहिलेल्या कथेला हे चेहरे क्वचितच साधतात. तो चित्रपट या शेतकऱ्यांच्या मनाचा अर्थ सांगण्याचा आव आणीत नाहीं, हें त्याचें शहाणपण.

मराठींत या जातीचा प्रचारपट शोधूं गेल्यास हातीं येतो तो जब्बार पटेल यांचा १९७९ सालचा 'सिंहासन', आणि त्यांत तर प्रचार नाहींच. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनीं लिहिलेल्या या पटाचा विषय मतदानानंतरचा आहे: निवडून आलेल्या माणसांत खुर्चीसाठीं चाललेली झुंज. 'द कँडिडेट'च्या शेवटीं विजयी मॅके आपल्या चालकाला एका खोलींत ओढून नेतो आणि विचारतो कीं, आतां करावयाचें काय? उत्तर येण्यापूर्वींच जयघोष करणारा जमाव दार लोटून आंत घुसतो. 'सिंहासन' जणूं त्या खोलींतच सुरू होतें, आणि सारें डोळ्यांनीं पाहिलेला निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस शेवटीं भ्रमिष्ट होऊन हंसत सुटतो.