मातेचा विकार आणि बालकाचे आरोग्य



मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचा एक विकार जन्मजात व आनुवंशिक असतो. १९५० साली अमेरिकेत डॉ. लॉसन विल्किन्स यांनी त्यावर कॉर्टिझोनचा उपाय दाखविला. पुढे अशा कन्याही माता होऊ लागल्या. त्यांची बहुतेक बालके निरोगीच जन्मतात. मातेच्या रक्तातील पुरुषी संप्रेरकांपासून वार गर्भाचे रक्षण करते. मात्र गरोदरपणी मातेने औषध सोडणे प्राणघातक ठरू शकते.

पिताही त्या दोषाचा वाहक असेल, तरच बालकास विकार जडतो. तेव्हा प्रत्येक खेपेस निम्मा संभव. मामाच्या घरी सोयरीक केल्यास हा धोका वाढतो. म्हणून अशा घरी पत्रिकेआधी वराचे रक्त तपासावे. कन्येस मात्र नाकारू नये, ही नम्र विनंती.