गोमा आणि मलुंगा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत विजय नगर, इंदूर येथे केलेले भाषण)



संस्थेच्या कार्याविषयी बोलणारे अधिकारी वक्ते आज पुष्कळ आहेत. मला चिटणीससाहेबांनी ‘शाळामास्तराला शोभेल असे काहीतरी’ बोलावयास सांगितले आहे. तेव्हा वर्गात माझी झालेली एक फजितीच सांगतो.

इतिहासाच्या तासाला मलिक अंबर शिकवीत होतो. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी वसविली, तेच पुढचे औरंगाबाद. १६२६ साली तो वारला. एवढे सांगून मी खडू ठेवला, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, ही माणसं गात काय होती?” मला उत्तर देता आले नाही.

ते शोधण्यासाठी पुढच्या सुटीत मी गुजरातेत, भरूच जिल्ह्यातील रतनपूरला गेलो. तेथे टेकडीवर बाबा गोर यांचा दर्गा आहे. ते हबसाणातून आले आणि इथल्या अकीकाच्या व्यापारात त्यांचे नाव झाले, अशी परंपरा सांगतात. बहीण माई मिस्रा आणि भाऊ बाबा हबश यांनाही तेथे तितकाच मान आहे. सिद्दी लोक या तिघांना आपले पूर्वज मानतात.

एक खुलासा आधी केला पाहिजे. अंबर हबसाणचा खरा. पण सिद्दींच्या गाण्यांत जे आफ्रिकी शब्द उरले आहेत, त्यांचे नाते पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेशी लागते. आफ्रिका हे एक खंड आहे, एक गाव नव्हे. आपण मात्र ‘हबशी’ म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात घालतो. मीही वर्गात तेच करीत आलो होतो. ‘गोमा’ हा शब्दच पहा. स्वाहिलीत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि त्या ढोलावरचा नाचही. वाद्य आणि नाच यांना वेगळी नावे हवीत, असे त्या लोकांना वाटले नाही.

रात्री गोमा बसला. प्रथम लोबानाचा धूप. मुगरमान हा पायांवर उभा राहणारा मोठा ढोल. तो जमिनीवर ठेवून हातांनी वाजवितात. मुसिंदो गळ्यात अडकवावयाचा. आणि नारळाच्या करवंटीचा खुळखुळा, त्याचे नाव माई मिस्रा. बहिणीचे नाव वाद्याला दिले, यात काय ते समजून घ्यावे. आरंभी सारे बसून जिक्र गातात. एकाने ओळ टाकावयाची, बाकीच्यांनी झेलावयाची. शब्द गुजराती, हिंदुस्थानी, मधूनच एखादा असा की ज्याचा अर्थ गाणाऱ्यालाही सांगता येऊ नये. हळूहळू लय चढते, माणसे उभी राहतात, नारळ वर उडतो आणि खाली येताना नाचणाऱ्याच्या डोक्यावर फुटतो.

आम्ही इंदूरचे लोक. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा विलंबित झुमरा ऐकलेला कान सम शोधीतच बसतो. मीही मांडीवर बोटे मोजू लागलो आणि हरलो. आफ्रिकेच्या पुष्कळ भागांत एक ढोल दोनाच्या हिशेबाने चालतो व दुसरा तिनाच्या. दोन्ही खरे, आणि ऐकणाऱ्याने कोणाबरोबर चालावे हे त्याच्या पायांनी ठरवावे. मी मोजणे सोडले तेव्हा कोठे ऐकू येऊ लागले.

ही समुद्रावरची ये-जा एकतर्फी नव्हती, बरे का! झांझिबारची प्रसिद्ध गायिका सिती बिंती साद १९२८ साली मुंबईस आली आणि तिची स्वाहिली गाणी एच.एम.व्ही.ने येथे ध्वनिमुद्रित केली. त्या तबकड्या पुन्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन घराघरांत वाजल्या.

आता मलुंगा. खरे म्हणजे त्याच्याविषयीच मला बोलावयाचे आहे. धनुष्याला एक तार, त्याला बांधलेला एक भोपळा. छडीने तारेवर मारावयाचे. दुसऱ्या हाताने तार दाबली-सोडली की सूर चढतो-उतरतो. भोपळ्याचे तोंड अंगाशी नेले-आणले की आवाज मिटतो-उघडतो. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या वंशजांनी असेच वाद्य राखले आहे, त्याला बेरिंबाऊ म्हणतात. दोन महासागरांच्या दोन टोकांना एकच धनुष्य! तेथे त्याचा मोठा डौल आहे, शाळांतून शिकवितात. आमच्याकडे फिरते सिद्दी फकीर ते खांद्याला लावून दारोदार गात. आता वाजविणारे फार थोडे राहिले.

असे का झाले? आपल्यातले काही सज्जन म्हणतात, दर्ग्यावर ढोल कशाला? मी मौलवी नाही, निवाडा देत नाही. एवढेच म्हणतो की ते लोक या गाण्याला जिक्र म्हणतात, तेव्हा आधी ऐकून तरी घ्यावे. पण खरे नुकसान टाळ्या वाजविणाऱ्यांनीच केले, असे मला वाटते. गीरकडच्या पाहुण्यांसमोर मोरपिसे लावून, तोंडे रंगवून पंधरा मिनिटांत ‘आफ्रिका’ दाखवावी लागते. त्या नाचावर घरे चालतात, त्या मुलांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मात्र त्या गलबल्यात ढोल टिकतो, उडी टिकते, मलुंगा टिकत नाही. त्याचा आवाज अंगणापुरता.

रतनपूरला एका वृद्ध चाचांनी पहाटे तो मला ऐकविला. त्यांचा मुलगा रिक्षा चालवितो. वडिलांचे वाद्य त्याला धरता येते, वाजविता येत नाही. चाचांच्या परवानगीने मी माझ्या फोनवर अडीच मिनिटे उतरवून घेतली आहेत. माझ्या वर्गातील त्या मुलीला ती ऐकविली. तिने दुसऱ्यांदा लावावयास सांगितली, आणि मग विचारले की हे आजोबा कोणाला शिकवीत आहेत का. नाही, असे मला सांगावे लागले.

तीच अडीच मिनिटे आता आपल्याला ऐकवितो. आवाज फार बारीक आहे. कृपा करून कोणीतरी पंखे बंद करा.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकविण्यात आले.)