काजळी

कविता करणाऱ्याला इंजिनातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. बी.ए.ला मराठी घेतलं. पाना हातात धरायला शिकलो नाही. तरी आज बोलणार आहे ते जुन्या मोटारीच्या इंजिनात साचणाऱ्या कार्बनविषयी.

चिपळूणच्या आमच्या घरी अब्बांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली, तेव्हा अब्बा दोन दिवस गप्प होते. आता ते पंच्याऐंशीचे आहेत. त्यांनी गाडी चालवणं सोडल्यापासून मी ती जपली. जपली म्हणजे काय, तर शुक्रवारी मशिदीपर्यंत आणि रविवारी बाजारापर्यंत नेली. दोन किलोमीटर, तेही हळूहळू. म्हाताऱ्या गाडीला त्रास नको!

गेल्या वर्षी कराडला अब्बांची धाकटी बहीण आजारी पडली. ‘आपल्याच गाडीनं जाऊ,’ अब्बा म्हणाले. कुंभार्ली घाटाच्या पहिल्याच चढावर इंजिन खडखडू लागलं. गाडी ओढेना. बाजूला घेऊन चावी बंद केली, तरी ते क्षणभर धडधडतच राहिलं. आम्ही परत फिरलो. अब्बा एक शब्द बोलले नाहीत.

शहरातल्या एका मोठ्या गॅरेजनं सांगितलं, भंगारात काढा. शेवटी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हेड उतरवलं आणि मला आत बघायला लावलं. चारही पिस्टनांचे माथे चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखे काळे! ‘भाई,’ ते म्हणाले, ‘ही चालवून नाही बिघडली. न चालवून बिघडली.’

मग त्यांनी समजावलं. थंड इंजिनाला चोक ओढला की पेट्रोल जास्त जातं आणि पुरतं जळत नाही. झिजलेल्या रिंगांतून वर आलेलं तेलही अर्धवट जळतं. त्याचा थर बसतो. इंजिन नीट तापण्याआधीच आपण घरी पोहोचलो, तर थर वाढतच जातो. पुढे तोच निखाऱ्यासारखा लाल होतो आणि प्लगची ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटवतो. घाटातली खडखड तीच, चावी बंद केल्यावरची धडधडही तीच.

काम दोन दिवस चाललं. पिस्टन वर आणून बाकीची तोंडं फडक्यानं बंद केली, म्हणजे कचरा आत जाऊ नये. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून लोखंडी पट्टी नाही. लाकडाच्या पट्टीनं आणि रॉकेलनं सोलून काढलं. आठही व्हॉल्व्ह ज्याच्या त्याच्या जागेवर घासून बसवले. नवं गॅसकेट घातलं. नट मधून बाहेर, थोडे थोडे करत आवळले. शेवटी टॅपेट जुळवले.

पिस्टनच्या अगदी कडेचं काळं बारीक वर्तुळ मात्र त्यांनी तसंच ठेवलं. मी विचारलं, तर म्हणाले, ‘रिंगा जुन्या आहेत. तेवढा कार्बन तेल अडवतो. सगळंच खरवडायचं नसतं.’

घरी आलो तर अब्बा अंगणाच्या पायरीशी उभे होते. ‘अब्बा, उतरू नका,’ असं सवयीनं ओठांवर आलं. बाजारात जाऊ नका, दोस्तांकडे जाऊ नका, ऊन लागेल. किती वर्षं आम्ही हेच म्हणतोय! मी गप्प राहिलो. ते सावकाश उतरले, बॉनेटवर हात ठेवून आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘आता चल.’

पुढच्या रविवारी घाट चढलो. गाडी खडखडली नाही. कराडला भावाला दारात पाहून फुफू उशीला टेकून उठून बसली. संध्याकाळपर्यंत दोघं लहानपणीच्या भांडणांवर हसत होती. महिन्याभरानं ती गेली.

आता दर पंधरवड्याला आम्ही लांब जातो. पद्मिनीही आणि अब्बाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)