जीपचे पाणी कुठे जाते?

आज आम्ही तुम्हांला एका गळक्या जीपची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमच्या दारी कुठली आली जीप? खरे आहे. पण गावात कुणाकडे जुनी जीप असते, कुणाकडे ट्रॅक्टर असतो, कुणाच्या विहिरीवर डिझेल इंजिन असते. यांतली बहुतेक इंजिने पाण्यानेच गार राहतात. म्हणून ही गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे.

आमच्या संस्थेकडे एक जुनी फोर व्हील जीप आहे. तिची पुढची चाके ओढतात आणि मागची ढकलतात. चिखल असो की चढ असो, ती जाते. भोर तालुक्यात हिरडस मावळातल्या वाड्यांवर आम्ही तिच्यातूनच फिरतो. पुस्तके नेतो, बियाणे नेतो. वेळ पडली तर आजारी माणसाला दवाखान्यात नेतो.

या जीपचे पाणी कमी होत असे. आमचे ड्रायव्हर वयाने मोठे आहेत. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्या रोज सकाळी बॉनेट उघडत आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतत. आम्ही विचारले की म्हणत, "जुनी गाडी हाय. तेवढं पाणी तिला लागतंच." आम्हीही मान डोलवत असू. पाणी ओतले की काम झाले, असे आम्हां सगळ्यांना वाटत होते. चूक एकट्या तात्यांची नव्हती. आमचीही होती.

खिंडीत काय झाले

२०१८ सालचा मे महिना. एका वाडीत एक बाई अडली होती. रात्रभर कळा येत होत्या, पण सुटका होत नव्हती. पहाटे आम्ही तिला जीपमध्ये घेतले. बरोबर तिची सासू, नवरा आणि दीर होते. वाडीपासून डांबरी सडक सहा किलोमीटर. सगळा कच्चा चढ.

खिंड जवळ आली आणि उष्णतेचा काटा लाल खुणेवर गेला. बॉनेटखालून वाफ येऊ लागली. तात्यांनी लगेच गाडी थांबवली आणि इंजिन बंद केले. हे त्यांनी फार चांगले केले. तसेच पुढे रेटले असते तर इंजिन जाम झाले असते.

बाईचा नवरा पाण्याचा कॅन घेऊन धावला. रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात तात्या ओरडले, "हात काढ! भाजशील!"

तात्यांचे बरोबर होते. कुकरची शिटी पडायच्या आधी झाकण उघडले तर काय होते, ते आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. रेडिएटरचेही तसेच आहे. उघड्या भांड्यातले पाणी साधारण १०० अंशाला उकळते. रेडिएटरचे झाकण पाण्यावर दाब ठेवते. म्हणून आतले पाणी १०० अंशाच्या वर गेले तरी लवकर उकळत नाही. झाकण काढले की दाब जातो. मग पाण्याची एकदम वाफ होते आणि कारंज्यासारखी तोंडावर येते. हात भाजतो. डोळेही जाऊ शकतात. म्हणून इंजिन गार झाल्याशिवाय झाकण उघडू नये. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये. त्याने इंजिनाला तडा जातो.

पण अडलेल्या बाईला थांबता येते का? घोंगडीची झोळी केली. नवरा, दीर आणि आम्ही दोघे, अशा चौघांनी ती खांद्यावर घेतली. खिंड पायी ओलांडली. सडकेवर दुधाचा टेम्पो मिळाला. बाई दवाखान्यात वेळेवर पोचली. मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या.

सासूबाई झोळीमागून चालत होत्या. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "गाडी असून पायीच." ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

इंजिनाला पाणी कशाला?

इंजिनात डिझेल जळते. त्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा चाके फिरवायच्या कामी येतो. बाकीची उष्णता बाहेर घालवावी लागते. काही धुरावाटे जाते, काही पाण्यावाटे जाते.

इंजिनाच्या तोंडाशी एक वॉटर पंप असतो. तो पाणी फिरवतो. इंजिनात पाणी तापते. वरच्या होज पाइपातून ते रेडिएटरमध्ये येते. तिथल्या बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने गार होते. मग खालच्या होज पाइपातून परत इंजिनात जाते. रहाटगाडग्यासारखे हे सारखे चालू असते.

आता पाहा. हे पाणी बंद वाटेने फिरते. मग ते रोज कमी का व्हावे? कमी होते, याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर जाते. जुनी गाडी पाणी पीत नसते. जुनी गाडी गळत असते.

गळती शोधली कशी?

जीप तालुक्याच्या गावी ओढत नेली. एका गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिले. पाणी रेडिएटरखाली ठिबकत होते. तो म्हणाला, "रेडिएटर गेला. नवा टाका." आम्ही पैसे काढणारच होतो. पण तात्या म्हणाले, आधी एका जुन्या मिस्त्रींना दाखवू. मिस्त्री म्हणाले, "आधी गळती दाखवा, मग खर्च सांगा."

त्यांनी केले ते असे.

पहिल्यांदा गार इंजिनात पाणी काठोकाठ भरले. इंजिन धुऊन, पुसून कोरडे केले. गाडी सपाट जागी उभी केली. खाली पांढरे कागद पसरले. मग एक हातपंप रेडिएटरच्या तोंडाला लावला. त्याला दाब दाखवणारा काटा असतो. झाकणावर दाबाचा आकडा लिहिलेला असतो. तेवढाच दाब भरला. काटा हळूहळू खाली येऊ लागला. म्हणजे गळती आहे, हे पक्के झाले.

कागदावर थेंब पडला तो रेडिएटरखालीच. पण मिस्त्री तिथे थांबले नाहीत. ते म्हणाले, "पाणी उताराला धावतं. थेंब पडतो तिथं भोक नसतं. भोक वर असतं." बॅटरी घेऊन ते ओल्या जागेवरून वर वर पाहत गेले. खालचा होज पाइप ओला. त्याच्या वर पंपाचे अंग ओले. पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक असते. पाणी तिथून येत होते.

हे भोक कारखान्यातच पाडलेले असते. पंपातले सील झिजले की पाणी त्यातून ठिबकते आणि आपल्याला कळते. ते भोक म्हणजे इशारा आहे. काही जण ते बुजवून टाकतात. असे करू नये. बुजवले की पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि सगळा पंप जातो. मिस्त्रींनी पंख्याचे पाते धरून हलवले. इंजिन अर्थात बंद होते. पंखा डुगडुगला. बेअरिंगही झिजले होते.

म्हणजे रेडिएटर फुटलाच नव्हता! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असे व्हायचे ते थोडक्यात टळले.

दुसऱ्या गळत्यांच्या खुणा

गळती पंपातच असते असे नाही. मिस्त्रींनी आम्हांला आणखी खुणा सांगितल्या. त्या ध्यानात ठेवा. स्वस्त जागा आधी पाहाव्यात, महाग जागा मागून.

झाकण पाहावे. आतले रबर कडक झाले किंवा चिरले तर दाब राहत नाही. झाकण थोडक्या पैशांत मिळते.

होज पाइप गार असताना दाबून पाहावेत. लिबलिबीत झाला, फुगला किंवा चिरा पडल्या तर बदलावा. क्लिप सैल असेल तर आवळावी.

सांध्यांवर पांढरी किंवा हिरवी खपली दिसली तर तिथून पाणी झिरपून वाळले आहे, असे समजावे.

बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी पाणी कमी होते, मग गळती आत असू शकते. तेल पाहावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी तेलात मिसळले आहे. इंजिन तापल्यावरही धूर दाट पांढरा येत राहिला, किंवा रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे आले, तर हेडचे पॅकिंग गेले असेल. अशी गाडी चालवू नये. ती मिस्त्रीकडे ओढून न्यावी.

दुरुस्ती

मिस्त्रींनी जुने पाणी घमेल्यात काढले. बेल्ट, पंखा आणि पंप उतरवला. जुने पॅकिंग खरवडून जागा साफ केली. नवे पॅकिंग घालून नवा पंप बसवला. बोल्ट एकदम आवळले नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, म्हणजे पॅकिंग सारखे बसते. बेल्ट असा ताणला की अंगठ्याने मध्ये दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा.

खालचा होज पाइप मऊ झाला होता. तोही बदलला.

रेडिएटर धुताना त्यातून पिवळा गाळ आला. तात्या खाली पाहू लागले. कुणीतरी सांगितले म्हणून त्यांनी पाण्यात हळद टाकली होती. हळद भोकाला चिकटते, हे खरे. दोन दिवस गळती थांबते. पण ती बारीक नळ्यांतही बसते. मग पाणी फिरत नाही आणि इंजिन जास्तच तापते. हळद जखमेला लावावी, जीपला लावू नये. विहिरीच्या जड पाण्याचेही तसेच. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो ना? तसाच थर नळ्यांत बसतो.

म्हणून आम्ही आता अर्धे कूलंट आणि अर्धे बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी भरतो. कूलंटने गंज धरत नाही. भरताना झाकण उघडे ठेवून गार इंजिन सुरू केले. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर आली. पातळी खाली गेली तशी पुन्हा भरली आणि मग झाकण लावले.

एक गोष्ट नीट ऐका. कूलंट विषारी असते आणि चवीला गोडसर असते. कुत्रे, मांजर, वासरू ते चाटते. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात आणि जनावर मरते. सांडले तर लगेच राख टाकून उचलावे. जुने कूलंट ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नये. लेकरे पितील.

एक वही

दुरुस्ती झाल्यावर मिस्त्रींनी तात्यांना विचारले, "रोज किती पाणी टाकत होता?" तात्या म्हणाले, "आधी पेलाभर. मग तांब्या. शेवटी दोन तांबे." "कधीपासून?" तात्यांना सांगता येईना. आम्हांलाही येईना.

मंडळी, खरी गोष्ट इथे आहे. गळती वाढत होती. ती रोज आम्हांला सांगत होती. पेल्याचा तांब्या झाला, तेव्हाच आम्ही जागे व्हायला हवे होते. पण कुणी लिहून ठेवले नव्हते. लिहिले असते तर आकडे वाढताना दिसले असते. मग ती बाई झोळीतून गेली नसती.

आता जीपमध्ये एक वही आहे. तिला दोरीने पेन्सिल बांधली आहे. तारीख, किलोमीटर आणि पाणी, असे तीन रकाने आहेत. तात्या पूर्वी सहीपुरते लिहीत. जास्त लिहायचे झाले की पेन्सिल दुसऱ्याच्या हाती देत. आता ही वही तेच लिहितात. गाडी रात्री उभी केली की खाली कागद टाकतात, सकाळी पाहतात आणि लिहितात.

तुमच्याही हाती आता अक्षर आले आहे. इंजिन असो, विहिरीची पातळी असो की लेकराचा ताप असो, आकडा लिहून ठेवा. आजच्या आकड्याशेजारी उद्याचा आकडा मांडा. काय बिघडते आहे ते वही आधी सांगते.

आज निघताना आम्ही तात्यांची वही पाहिली. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "पाणी टाकले नाही. कागद कोरडा."