कॉर्डलेस फोन जोडताना

ऑफिसात नवा कॉर्डलेस फोन आला की लगेच नंबर लावून बघायचा मोह होतो. तेवढा आवरा. हँडसेटच्या पाठीवरचं झाकण सरकवा, बॅटरीपाशी अडकवलेली प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढा आणि हँडसेट रात्रभर चार्जरवर ठेवा. आत बहुधा निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल असतात. ते थकले म्हणून घड्याळात घालतो ते साधे सेल कधीही घालू नका. चार्जिंगला लागले की ते तापतात, गळतात, फुटूही शकतात.

बेस, म्हणजे फोनच्या लाइनला जोडायचा भाग, खोलीच्या मध्यावर, जरा उंच ठेवा. तो लोखंडी कपाटामागे गेला, की पलीकडच्या टेबलावर आवाज तुटलाच. डेक्ट या कॉर्डलेस तंत्रावर चालणाऱ्या फोनचा पल्ला मोकळ्या जागेत 300 मीटरपर्यंत, इमारतीत मात्र साधारण 50. दुसरा हँडसेट जोडताना बेसवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि हँडसेटच्या मेनूत नोंदणी निवडा. तिथे विचारला जाणारा पिन अनेकदा 0000 असतो. तो नंतर बदलाच.

आणखी एक, अगदी कळकळीनं सांगते. बेसला वीज लागते. वीज गेली की हा फोन मुका होतो. म्हणून तांब्याच्या तारेची जुनी लाइन असेल, तर तिच्यावर एक साधा वायरचा फोन जोडलेला राहू द्या.