तिरक्या नजरेतून दिसणारे पाणी



१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या जुन्या लोहमार्ग पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ सालचा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला आणि आपल्या या मयूर विहाराला लागून असलेल्या खादरातील रहिवाशांना रस्त्याकडेला तंबूंत येऊन राहावे लागले. अशा वेळी पाणी कोठवर पसरले आहे, हे ढगांआडून आणि रात्रीही पाहू शकणारे साधन म्हणजे उपग्रहावरील रडार. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रक्षेपित झालेला आपला ईओएस-०४ याच जातीचा.

हे रडार सरळ खाली न पाहता एका बाजूस तिरके पाहते. सरळ खाली पाहिले, तर डावीकडून व उजवीकडून परतणाऱ्या लहरी एकाच वेळी येतील आणि कोणती कोठली हे उमगणार नाही. समुद्रतळाचे चित्र काढणारा सोनारही याच कारणास्तव कडेला पाहतो. तेथे रेडिओलहरींऐवजी ध्वनी असतो, एवढेच.

संथ पाणी आरशाप्रमाणे लहरी पलीकडे परतविते, म्हणून ते काळे दिसते. परंतु सबंध प्रतिमेवर वाळू शिंपडल्यासारखे ठिपके असतात. हा यंत्राचा दोष नव्हे. जमिनीच्या एकेका तुकड्यातील ढेकळे, पाने, दगड यांच्याकडून आलेल्या लहरी कोठे एकमेकींना बळ देतात, तर कोठे एकमेकींना मारतात. त्याच भागाची चार स्वतंत्र दर्शने घेऊन सरासरी काढली, की हा चढउतार निम्मा होतो. मात्र ती चारही एकाच फेरीतून काढावयाची, तर उड्डाणाच्या दिशेने तीन मीटरचा तपशील बारा मीटरवर जातो. प्रतिमा डोळ्यांस गोड दिसते आणि पुश्त्याची अरुंद रेघ विरून जाते! कोरडी वाट कोठे उरली आहे, हे ज्यांना ठरवावयाचे असते त्यांना हा सौदा फार महाग पडतो. जाँग-सेन ली यांनी १९८० मध्ये मांडलेली गाळणी मला अधिक समंजस वाटते. एकसारख्या शेतात ती सढळपणे सरासरी काढते. कडेपाशी आली, की हात आखडता घेते.

तथापि झोपड्यांमधले पाणी या गाळणीनेही दिसत नाही. पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून पुन्हा रडारकडे परतणाऱ्या लहरींमुळे ती जागा उलट अधिकच उजळते. केवळ काळे तेवढे पाणी मानणारा नकाशा तिला कोरडी ठरवील, आणि माणसे तर तेथेच असतात. अशा ठिकाणी पुरापूर्वी त्याच कक्षेतून व त्याच कोनातून घेतलेली प्रतिमा शेजारी ठेवून उजळपणा कोठे वाढला, ते पाहावे लागते. त्यासाठी मे महिन्यातील कोरड्या खादराची प्रतिमा आधीपासून संग्रहात असली पाहिजे.