कीड की रोग? झाडाला विचारून पाहू या

(मंडळाच्या ऑगस्टअखेरच्या सहलीत, न्यू जर्सीतल्या एका पार्कात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द तसेच ठेवले आहेत.)



मसालेभात आणि जिलबीनंतर झाडांच्या दुखण्यावर ऐकायला बसवणं हा तुमच्यावर अन्याय आहे, पण कार्यकारिणीने वीस मिनिटं दिली आहेत आणि मी ती सोडणार नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. पोट आयटीवर चालतं. झाडांकडे वळलो त्याला कारण आमच्या टाउनहाउसच्या आवारातली गेल्या वर्षीची भानगड.

आवारात दोन ॲश, एक मोठा मेपल आणि एक रेड ओक. त्यातल्या एका ॲशखाली बाक आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले सगळ्यांचे आई-बाबा संध्याकाळी तिथे जमतात. मराठी, गुजराती, तेलुगू, सगळी मिश्र बैठक. मागच्या उन्हाळ्यात ॲशचा शेंडा विरळ झाला, मेपल काळा पडला आणि ओकची पानं करपली. झाडांची निगा राखणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटं वर बघितलं आणि म्हणाला, सगळ्यांना रोग आहे, वर्षातून चार फवारण्यांचं पॅकेज घ्या, नाहीतर चारही पाडा. चार झाडं, दुखणी तीन आणि औषध एकच! आमच्या धंद्यात असा कन्सल्टंट दुसऱ्या दिवशी घरी बसेल.

आता गंमत अशी, की आपल्या भाषेतही हा घोळ आहेच. मी मूळचा वरुडचा, अमरावती जिल्हा, संत्र्यांचा मुलूख. आमच्याकडे झाडाला काहीही झालं तरी ‘रोग पडला’ म्हणतात. ‘कोळशी’ घ्या. संत्र्याची पानं, फळं कोळसा फासल्यासारखी काळी होतात. दिसते ती बुरशी, म्हणजे रोगच वाटावा. पण खरी गुन्हेगार असते काळी माशी. तिची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतात, चिकट द्रव सोडतात आणि त्या चिकट्यावर ही काळी बुरशी वाढते. नुसतं बुरशीनाशक मारून माशी जात नाही, आणि माशी आहे तोवर काळं येतच राहतं. आमचे काका म्हणायचे, “आधी पान पलटवून पाय, मंग फवारा मार.” माझ्या आजच्या भाषणातलं निम्मं शास्त्र या वाक्यात आहे.

उरलेलं निम्मं म्हणजे लक्षण आणि खूण यांतला फरक. पान पिवळं पडलं, फांदी वाळली, शेंडा विरळ झाला, ही लक्षणं. झाड स्वतः जे दाखवतं ते लक्षण. भोक, भुसा, विष्ठा, जाळं, चिकटा, कुरतडलेली कड, बुरशीची पूड, ही खूण. ती गुन्हेगार मागे ठेवतो. लक्षणं फसवतात, कारण तहान, कीड, रोग काहीही असलं तरी झाडाजवळ तक्रार करायचे प्रकार मोजकेच. एरर मेसेज एक आणि कारणं पन्नास, हे इथल्या निम्म्या लोकांना समजावून सांगायला नको. बाय द वे, 1947 साली हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये खराखुरा पतंग सापडला होता आणि लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. त्यांना खूण मिळाली. आपल्याला शोधावी लागते.

तर ॲश. एमराल्ड ॲश बोरर हा पूर्व आशियातला हिरवा, चकचकीत, जेमतेम अर्ध्या इंचाचा भुंगेरा 2002 साली डेट्रॉइटजवळ सापडला. न्यू जर्सीत तो पहिल्यांदा 2014 मध्ये दिसला, तोही ब्रिजवॉटरला. हो, आपल्या बालाजीच्या देवळाचं ब्रिजवॉटर! अमेरिकेत याने कोट्यवधी ॲश मारले आहेत. बेसबॉलची बॅट परंपरेने ज्या लाकडाची, ते हे झाड. भुंगेरा थोडी पानं खातो, त्याने फारसं बिघडत नाही. घात करते ती अळी. ती सालीच्या आत, जिथून पानांनी बनवलेलं अन्न खाली जातं त्या थरात नागमोडी बोगदे करते. अन्नाची वाट तुटली की झाड वरून खाली वाळत येतं आणि घाबरून खोडावरच नवे धुमारे फोडतं. हे झालं लक्षण. खूण कुठली? बाहेर पडताना किड्याने पाडलेलं भोक. ते गोल नसतं, इंग्रजी डी अक्षरासारखं असतं, कारण किड्याची पाठ सपाट आणि पोट गोलसर. आकार तांदळाच्या दाण्यात मावेल एवढा, म्हणून नाक सालीला लावून बघावं लागतं. त्याआधी सुतार पक्षी चुगली करतात. अळ्यांसाठी ते वरची साल खरवडतात, आणि खोडावर फिकट पिवळसर पट्टे दिसायला लागतात.

आमच्या दोन्ही ॲशवर डी सापडले. म्हणजे कीड. बुरशीनाशकाचं पॅकेज इथे बाद. उपाय आहे खोडात इंजेक्शनने देण्याचं एमामेक्टिन बेंझोएट. विदर्भातल्या कपाशीवाल्यांना हे नाव नवीन नाही, बोंडअळीवर तेच मारतात. परवानाधारक माणसाकडून एकदा दिलं की दोन वर्षं निभावतं. पण औषध वर चढायला आतली वाहतूक शाबूत हवी. साधारण तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त डोलारा गेला असेल, तर पैसे वाया. एका ॲशचा निम्मा गेला होता, तो हिवाळ्यात पाडला. वाळलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो, खाली माणसं बसत असतील तर वाट बघत बसू नये. बाकावरच्या ॲशचा फक्त शेंडा गेला होता. त्याला या मे महिन्यात इंजेक्शन दिलं. बैठक चालू आहे.

मेपलचं प्रकरण म्हणजे आमची कोळशीच, फक्त माशी बदलली. स्पॉटेड लँटर्नफ्लाय 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडली, 2018 मध्ये न्यू जर्सीत आली. तिचं आवडतं झाड ट्री ऑफ हेवन, आपल्या महारुखाचा भाऊबंद. ती मेपलवर आणि द्राक्षवेलींवरही बसते. रस पिते, चिकटा गाळते, त्यावर काळी बुरशी. झाडाखालच्या गाड्या चिकट, गांधीलमाश्यांची जत्रा, म्हणून लोक घाबरून झाड तोडायला निघतात. मोठा मेपल याने सहसा मरत नाही. किडे आवरा, काळं हळूहळू धुऊन जातं. यासाठी झाड तोडणं मला तरी निव्वळ अडाणीपणा वाटतो.

ओकचं मात्र वाईट वाटतं. रेड ओक म्हणजे 1950 पासून न्यू जर्सीचं राज्यवृक्ष. कुठे भोक नाही, भुसा नाही, पान पलटलं तरी कुणी नाही. पान कडेकडून आत करपत आलेलं, आणि करपलेला व हिरवा भाग यांच्यामध्ये पिवळसर पट्टी. दुष्काळानेही पानं करपतात, पण ती बहुधा सगळ्या झाडावर सारखी, आणि मधे ही पट्टी नसते. हे आधी एका फांदीवर, पुढच्या ऑगस्टला आणखी दोन, असं वाढत जातं. झायलेला नावाचा जिवाणू पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये वस्ती करतो आणि झाड उभ्या उभ्या तहानलेलं राहतं. हा रोग. पूर्ण बरा करणारं औषध नाही. अँटिबायोटिकच्या इंजेक्शनने लक्षणं त्या हंगामापुरती दबतात. वाळलेल्या फांद्या काढणं, उन्हाळ्यात पाणी देणं आणि जवळ दुसऱ्या जातीचं रोप आत्ताच लावणं, एवढं हातात आहे. आम्ही तेच केलंय.

आता कुणीतरी विचारेल, हा जिवाणू पसरवतात कोण? रस पिणारे तुडतुडेच! म्हणजे कीड आणि रोग नेहमी वेगवेगळ्या घरात राहतात असं नाही. 1930 च्या सुमारास अमेरिकेत आलेला डच एल्म रोग हा बुरशीचा, पण ती बुरशी सालीतले भुंगेरे वाहून नेतात. आणि 2012 मध्ये ओहायोत प्रथम दिसलेला बीच झाडाचा पानांचा रोग तर सूक्ष्म कृमींमुळे होतो. पान उजेडात धरलं की शिरांच्या मध्ये गडद पट्टे दिसतात. त्याला कीड म्हणा की रोग, कृमीला फरक पडत नाही. आपल्याला पडतो, कारण औषध ठरवायचं असतं.

आणि शेजारीशेजारी वेगवेगळ्या जातींची झाडं एकदम एकसारखी आजारली, तर आधी माणसावर संशय घ्या. रस्त्यावरचं मीठ, गवत कापायच्या यंत्राने सोललेलं खोड, आणि बुंध्याशी रचलेला मल्चचा ज्वालामुखी. या तिसऱ्या प्रकारावर मी जास्त बोललो तर इथल्या काही मित्रांशी संबंध बिघडतील.

शंका असेल तर रटगर्सची रोपनिदान प्रयोगशाळा आहे, फी घेऊन नमुना तपासते. ओकचं आम्ही तिथूनच पक्कं केलं. पूर्ण वाळलेलं पान पाठवू नका, त्यातून फारसं काही कळत नाही. निरोगी आणि आजारी भाग जिथे भेटतात ती फांदी पाठवा. पाकिटात पाणी घालू नका, वाटेत सडतं. आणि सोमवारी टपालात टाका, म्हणजे शनिवार-रविवार कुठे पडून राहणार नाही.

आता चहा येईपर्यंत, त्या पार्किंगजवळच्या ओकपर्यंत कोण येतंय? खालच्या फांदीची पानं मला सकाळपासून खटकतायत.